'सामान्य' पुरत नाही : एका शब्दसंग्रहाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

कालच्या अनुवादवर्गातले अकरा कागद तपासून झाले. उतारा मीच रचला होता, इंग्रजी पुस्तकपरीक्षणाच्या धाटणीचा, जेमतेम दीडशे शब्दांचा. त्यात ब्लँड, बनाल, ट्राइट, मंडेन, मीडिऑकर आणि पेडेस्ट्रिअन हे सहा शब्द मुद्दाम पेरले होते. अकरा कागदांवर मिळून 'सामान्य' हा शब्द एक्केचाळीस वेळा आला. उरलेल्या जागी 'साधारण', नाहीतर 'साधा'. भाषा सामान्य, कथानक सामान्य, पात्रं सामान्य. हे वाचून मराठी वाचकाला एवढंच कळतं की परीक्षकाला पुस्तक आवडलेलं नाही. का आवडलेलं नाही, हे इंग्रजी उताऱ्यात स्पष्ट होतं. ते वाटेत सांडलं.

एका मुलाने 'पेडेस्ट्रिअन प्रोज'चं 'पादचारी गद्य' केलं होतं. वर्ग हसला. त्या ओळीखाली मी लाल रेघ मारली नाही. अकरा जणांत त्या एकानेच शब्द उघडून आत काय आहे ते पाहिलं होतं.

तर हा प्रकल्प. चाळीस इंग्रजी शब्द, चाळीस कार्डं. प्रत्येक कार्डावर शब्द मुळात कुठून आला ते, मग एक रकाना 'काय कमी आहे?', मग मराठी पर्याय आणि प्रत्येक पर्यायासाठी बोलण्यातलं एक वाक्य. नियम एकच: 'सामान्य' हा शब्द चाळीसपैकी एकाच कार्डावर येईल. कोणत्या, ते शेवटी ठरवायचं.

५ जून, बुधवार

कार्डं आणली. टेबलावर दोन जुने सोबती: कँडीचा इंग्रजी-मराठी कोश, १८४७ सालचा, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी, पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. या कामासाठी मला मोल्सवर्थ जास्त उपयोगी वाटतो. इंग्रजी शब्द समोर ठेवून मराठी शब्द घडवायला बसलं की हात आपोआप संस्कृत धातूंकडे जातो आणि घडवलेला शब्द कोशातच राहतो. उलट मराठीकडून इंग्रजीकडे निघालं, तर लोकांच्या तोंडात आधीपासून असलेले शब्द सापडत जातात. मला घडवायचं नाही, शोधायचं आहे.

९ जून, रविवार

आज आत्याकडे गेले. जिभेचे शब्द घेऊन गेले होते: ब्लँड, इन्सिपिड, व्हॅपिड. तिने पिठलं टाकलं होतं. मीठ घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढायला सांगितली, मग मीठ घातल्यावर पण मिरचीची फोडणी देण्याआधी दुसरी, आणि तिसरीत गरम पाणी ओतलं. तिन्ही वाट्या ओळीने ओट्यावर.

"अगं, यात विचारायचं काय," आत्या म्हणाली. "ही अळणी. मीठ नाही, बाकी सगळं आहे. ही सपक. मीठ आहे, पण जिभेला काही लागत नाही. आणि ही पाणचट."

"आणि मिळमिळीत?"

पळी हातात तशीच धरून ती थोडा वेळ गप्प राहिली. "मिळमिळीत म्हणजे करणारीच भ्यालेली असते. तिखट घालू की नको, करत बसलेली. मग ना धड इकडे, ना धड तिकडे."

हे मला कुठल्याही कोशाने सांगितलं नसतं. एखाद्याची भूमिका मिळमिळीत होती असं आपण म्हणतो तेव्हा त्यात मीठ कमी नसतं, धीर कमी असतो. भूमिका कधी अळणी नसते. भाषण मात्र अळणी असू शकतं.

आता इंग्रजी बाजू. ब्लँडचं मूळ लॅटिन 'ब्लांडुस': मऊ, गोड बोलणारा, लाडीगोडी लावणारा. मूळ शब्दात दोष नव्हता, सौम्यपणा होता, आणि डॉक्टरांच्या तोंडी तो अजून तसाच आहे. ब्लँड डाएट म्हणजे सपक जेवण नव्हे, पथ्याचं जेवण. म्हणून या कार्डावर तीन पर्याय: पथ्याच्या जेवणाला सौम्य, आमटीला सपक, बोलण्याला मिळमिळीत.

इन्सिपिड मात्र थेट चवीचा. लॅटिन 'सापेरे' म्हणजे चव घेणं, आणि त्याच क्रियापदाचा दुसरा अर्थ जाणणं, समजणं. निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये माणसाच्या जातीला होमो सेपियन्स हे नाव दिलं तेही याच क्रियापदावरून. चव ज्याला कळते तो शहाणा. आपल्याकडे रस, रसिक, नीरस, अरसिक ही मालिका अगदी याच वाटेने गेली आहे. इन्सिपिडच्या कार्डावर 'नीरस' पहिला लिहिला आणि 'बेचव' दुसरा.

व्हॅपिड हा उतरलेल्या दारूचा शब्द. झाकण उघडं राहिलं, वास उडाला, आता नुसतं पाणी. बोलण्यासाठी 'पांचट' बसतो.

१४ जून, शुक्रवार

आज रस्ते, गिरण्या आणि डोंगर.

ट्रिव्हिअलच्या मुळाशी लॅटिन 'त्रिविअम' आहे, तीन रस्ते मिळतात ती जागा. आपल्याकडे त्याला सरळ 'तिठा' म्हणतात, आणि कोकणात तर कित्येक एसटी थांब्यांची ओळखच तिठा अशी आहे. तिठ्यावर माणसं उभ्या उभ्या जे बोलतात ते ट्रिव्हिअल. पर्याय म्हणून 'क्षुल्लक' सगळे देतात. मी 'किरकोळ' पुढे ठेवला आहे. घाऊकच्या समोरचा किरकोळ, रोजच्या बाजारातला. त्यात तुच्छता कमी आणि आकार जास्त आहे.

बनालवर अख्खी सकाळ गेली आणि ती सत्कारणी लागली. सरंजामी फ्रान्समध्ये जमीनदाराची गिरणी, जमीनदाराची भट्टी. गावातल्या प्रत्येकाने पीठ तिथेच दळायचं, पाव तिथेच भाजायचा आणि वर मोबदला द्यायचा. घरी भट्टी पेटवायची सोय नाही. अशा गिरणीला, अशा भट्टीला 'बनाल' म्हणत. सक्तीची, म्हणून सगळ्या गावाची. सगळ्या गावाची, म्हणून कोणाचीच खास नाही. आणि कोणाचीच खास नाही, म्हणून फालतू. राज्यक्रांतीत ती सक्ती गेली, शब्दावरचा डाग राहिला. वापरणाऱ्याला निवड नव्हती, हे या शब्दाच्या पोटातलं दुःख कार्डावर दोन ओळींत लिहून ठेवलं. पर्याय म्हणून 'सगळेच म्हणतात ते' असा शब्दसमूहच दिला. एक शब्द मिळेना, आणि उगाच एक शब्द द्यायचाही नाही.

मीडिऑकर: 'मेडिउस' म्हणजे मधला, 'ओक्रिस' म्हणजे खडबडीत डोंगर. अर्ध्या डोंगरावर थांबलेला. सिंहगड चढताना निम्म्यावर ताक प्यायला टेकलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. तो खाली नाही आणि वरही नाही. 'बेतास बात' हा मराठीतला नेमका शब्द, इतका नेमका की शोधावा लागला नाही. त्याच्या खाली 'यथातथा' लिहिलं. संस्कृतात हा शब्द जसं आहे तसं, खरं, या अर्थाचा. मराठीत येईपर्यंत 'जसं आहे तसं' हीच तक्रार झाली.

रन ऑफ द मिल: निवड न करता गिरणीतून जसा आला तसा माल. याला बाजार समितीत विचारा, उत्तर तयार आहे: 'सरसकट'. कांद्याची प्रतवारी न करता, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी न काढता ओतला की तो सरसकट.

२२ जून, शनिवार

पेठेतल्या एका जुन्या छापखान्यात दोन तास बसले. आता तिथे पावतीपुस्तकं आणि लग्नपत्रिका एवढंच काम. मालक काका स्वतः जुळारी होते, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात सगळी उमर गेली. त्यांना सांगितलं की क्लिशे आणि स्टिरिओटाइप हे दोन्ही शब्द मुळात तुमच्या धंद्यातले आहेत. त्यांना ते ठाऊक नव्हतं, पण नवलही वाटलं नाही.

स्टिरिओटाइप म्हणजे घट्ट, एकसंध ठसा. जुळवलेल्या पानाचा साचा घ्यायचा, त्यात धातू ओतायचा, अख्खं पान एका पत्र्यात मिळतं. खिळे सुटे होऊन दुसऱ्या कामाला लागतात आणि ते पान पुन्हा पुन्हा छापता येतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फिर्मिन दिदो या मुद्रकाने हे नाव रुळवलं. क्लिशे हे अशाच ठशाचं फ्रेंच मुद्रकांच्या बोलीतलं नाव. साचा वितळलेल्या धातूवर पडताना जो आवाज होई, त्यावरून पडलेलं.

मी हे सांगत असताना काकांनी खालच्या खणातून सुतळीने बांधलेली एक ओळ काढून माझ्या तळहातावर ठेवली. लांबीला वीतभर, वजनाला मात्र अंदाजापेक्षा कितीतरी जड. उलटी अक्षरं होती, वाचायला वेळ लागला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'.

"ही आम्ही सोडतच नाही, ताई. बांधूनच ठेवायची. खाली नावं बदलली की पत्रिका तयार."

अंगठ्याने अक्षरांवरून हात फिरवला. 'येथे'च्या मात्रेची कड अजून टोचत होती, पण 'श्री' झिजून बोटाला गुळगुळीत लागत होता. ट्राइट म्हणजे नेमकं हेच: लॅटिन 'त्रितुस', घासलेलं, घासून घासून झिजलेलं. 'घासून गुळगुळीत झालेला विनोद' असं आपण म्हणतो तेव्हा लॅटिनचंच चित्र, कोणाकडून उसनं न घेता, आपण काढत असतो. ट्राइटचं कार्ड तिथेच, स्टुलावर बसून पुरं केलं. क्लिशेला 'बांधून ठेवलेलं वाक्य' असं स्पष्टीकरण आणि 'चावून चोथा' हा पर्याय. स्टिरिओटाइपला 'साचेबंद'. माणसांच्या बाबतीत 'एका छापाचे गणपती'.

घरी येताना एक गोष्ट टोचत राहिली. त्या ओळीत काय कमी आहे? काहीच नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरही तीच ओळ होती, आणि आत्याने ती मोठ्याने वाचली तेव्हा घरातल्या कोणालाही ती झिजलेली वाटली नव्हती. अळणीत मीठ कमी असतं. ट्राइटमध्ये कमी काही नसतं, त्याचं काहीतरी झालेलं असतं. रकान्याचं नाव चुकलं आहे. रात्री सतरा कार्डांवर 'काय कमी आहे?' खोडून 'काय झालं?' असं लिहिलं. यात अळणीही बसतं: मीठ घालायचं राहिलं.

२३ जून, रविवार

हॅक्नीड. भाड्याने मिळणारं घोडं, पुढे भाड्याची गाडी. कोणीही बसावं, कुठेही न्यावं, त्यातून थकलेलं. बाहेरगावच्या माणसांना आयुष्यभर स्टेशनावरून ने-आण करणारा टांग्याचा घोडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. 'वापरून वापरून थकलेला' हे विशेषण. ट्राइट झिजतो, हॅक्नीड थकतो. दोन्ही कार्डं एकमेकांना दोऱ्याने जोडली.

३० जून, रविवार

पालख्या पुण्यात. रस्ते बंद, म्हणून वर्ग नाही. सकाळपासून गर्दीत उभी होते आणि डोक्यात पेडेस्ट्रिअन.

लॅटिन 'पेदेस्तेर' म्हणजे पायी जाणारा. ग्रीकांकडे तर गद्याला 'पायी चालणारी वाणी' म्हणत. पद्य घोड्यावर बसतं, गद्य जमिनीवरून चालतं. घोडेस्वाराच्या नजरेतून पायी जाणारा खालचा, ही सगळी उतरंड त्या एका विशेषणात आहे. 'फार गद्य माणूस आहे' असं मराठीतही म्हणतात, म्हणजे प्रोझेइक, गद्यासारखा रुक्ष, या शब्दाचा प्रश्न सुटला.

पण समोर जे चाललं होतं त्यात ती उतरंड उलटीच. इथे पायी जाणारेच गात होते. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणं हेच भूषण, आणि माउलींच्या अश्वावर तर स्वार बसतच नाही. तो मोकळा चालतो. ज्या भाषेत 'पायी' हा शब्द 'वारी'ला जोडून येतो, त्या भाषेत चालण्यावरून शिवी तयार होणार नाही. त्या मुलाचं 'पादचारी गद्य' चुकलं ते इथे. मूळ त्याला बरोबर सापडलं होतं, पण आपल्याकडे त्या मुळाला ते फळ धरत नाही.

पेडेस्ट्रिअनच्या कार्डावर मूळ लिहिलं. पर्यायांची जागा कोरी ठेवली.

५ जुलै, शुक्रवार

दोन रंग. बेज हा मुळात न रंगवलेल्या लोकरीच्या कापडाचा फ्रेंच शब्द. ड्रॅबही कापडाचाच, न रंगवलेल्या कापडाच्या मळकट पिवळट छटेचा. म्हणजे दोन्ही रंग हे रंग न दिल्याचे रंग. मांजरपाट आणि कोरं कापड ज्यांनी हाताळलं आहे त्यांना हा रंग दाखवावा लागत नाही. ड्रॅबला 'कळकट' मी नाकारला, त्यात मळ आहे, 'निस्तेज' ठेवला.

ॲव्हरेजही आजच उरकला. समुद्रात मालाचं नुकसान झालं की ते सगळ्या व्यापाऱ्यांत वाटून घ्यायचं, त्या नुकसानीचं हे नाव. अरबी शब्द, भूमध्य समुद्रातल्या बंदरांमधून युरोपात गेलेला. आकड्यांसाठी सरासरी, माणसांसाठी बरा.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

जेजून हे कार्ड आजच्यासाठी राखलं होतं. लॅटिन 'जेजुनुस' म्हणजे उपाशी, रिकाम्या पोटाचा. लहान आतड्याच्या मधल्या भागाला जेजुनम म्हणतात, कारण प्राचीन वैद्यांना तो मृत शरीरात रिकामा आढळे. पुढे विचारांना, लिखाणाला जेजून म्हणू लागले: ज्यातून पोटात काही जात नाही असं. आणखी पुढे तरुण या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी गल्लत होऊन 'पोरकट' असाही अर्थ चिकटला. पर्याय: 'पोकळ', आणि दुसऱ्या अर्थी 'पोरकट'. आपल्या उपासाला मात्र या शब्दाचा हात लागू द्यायचा नाही. साबुदाण्याच्या खिचडीने भरलेल्या पोटी हे लिहिते आहे.

२१ जुलै, रविवार

व्हॅनिला. सगळ्यांत जास्त विचार या कार्डाने करायला लावला.

एका विद्यार्थिनीने केरळमधून व्हॅनिलाची एक शेंग आणली होती. काळपट तपकिरी, वाळक्या चिंचेसारखी सुरकुतलेली, पण बोटात वाकणारी. पाटावर ठेवून सुरीने उभी चिरली. आत मोहरीहून कितीतरी बारीक, काळ्या, चिकट बिया. खोलीभर वास. वर्गातल्या कोणीही ही शेंग आधी पाहिली नव्हती, आणि व्हॅनिला म्हणजे पांढरा असंच सगळ्यांच्या डोक्यात होतं.

ही ऑर्किडची शेंग. केशराखालोखाल महाग मसाला म्हणून हिचं नाव घेतात. मूळ मेक्सिकोची. फ्रेंचांनी वेल आपल्या वसाहतींमध्ये नेला, वेल वाढला, फुलं आली, शेंगा मात्र धरेनात, कारण फुलाच्या आतला पडदा ओलांडून परागकण पोचवणारा कीटक तिथे नव्हता. १८४१ मध्ये रेयुनियाँ बेटावर एडमंड आल्बियस या गुलाम मुलाने, वय बारा वर्षं, एका बारीक काडीने तो पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबून बसवला. फूल एकच दिवस उमलतं, त्या दिवसातच हे करावं लागतं. मादागास्करमध्ये आजही मजूर फुलागणिक हेच करतात. बेटावर व्हॅनिलाचा व्यापार उभा राहिला, आल्बियस १८४८ मध्ये गुलामीतून सुटला, आणि १८८० मध्ये गरिबीतच गेला.

मग १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान या रसायनशास्त्रज्ञांनी पाइनच्या झाडातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचं द्रव्य, तयार केलं. वास स्वस्त झाला, बिस्किटात आला, आइस्क्रीममध्ये आला, जिथे काहीच खास नको तिथे आला. आज इंग्रजीत व्हॅनिला म्हणजे काहीही न जोडलेलं: कुठलीही कलमं न वाढवलेला आर्थिक करार, कुठलाही बदल न केलेलं सॉफ्टवेअर. जगातल्या अतिशय कष्टाच्या पिकांपैकी एकाचं नाव बिनकष्टाच्या गोष्टीला.

'काय झालं?' या रकान्यात लिहिलं: स्वस्त झालं, म्हणून दिसेनासं झालं.

पर्यायासाठी वर्गात तासभर चर्चा. 'साधा' नको म्हणून मी अडून बसले होते, कारण तो 'सामान्य'चा भाऊ. शेवटी तीच विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, साधं वरण म्हणताना आपण वरणाला नावं ठेवत नाही ना." खरं आहे. डाळ, मीठ, हळद, हिंग, फोडणी नाही. पंगतीत भाताच्या मुदीवर तेच पहिलं पडतं आणि त्यावर तूप. फोडणी राहून गेली म्हणून ते साधं नाही; ते तसंच पुरं आहे. माझा हट्ट सोडला. कार्डावर 'साधा' लिहिलं, शेजारी 'बिनफोडणीचा', आणि सॉफ्टवेअरसाठी 'जसंच्या तसं'.

२५ जुलै, गुरुवार

होमली. इंग्लंडमध्ये घरासारखं, ऊबदार. अमेरिकेत दिसायला बेताची. आपल्याकडच्या इंग्रजी विवाह-जाहिरातींत 'गृहकृत्यदक्ष'. तीन देशांत तीन अर्थ, आणि तिसऱ्याचा आपल्या मुलींना झालेला जाच मी जवळून पाहिला आहे. कार्डावर तिन्ही अर्थ वेगळे लिहिले, तिसऱ्यापुढे फुली.

व्हल्गर म्हणजे लोकांचं, जनांचं. लॅटिन बायबलची जी प्रत सर्वत्र चालली तिला व्हल्गेट म्हणतात, त्यात शिवी नाही. आपल्याकडे याची जोडी 'प्राकृत'. संस्कृत म्हणजे संस्कार केलेलं, प्राकृत म्हणजे स्वाभाविक, म्हणून लोकांचं, म्हणून पंडितांच्या लेखी हलकं. संस्कृत देवाने केली तर प्राकृत काय चोरांपासून झाली, असं एकनाथांना विचारावं लागलं. ज्या भाषेत हा संग्रह करते आहे तीच एकेकाळी या यादीत होती.

२८ जुलै, रविवार

तोच उतारा वर्गात पुन्हा दिला, या वेळी कार्डं टेबलावर पसरून. अकराच्या अकरा कागद वेगळे आले. दोन ठिकाणी मिळमिळीत आणि सपक यांची अदलाबदल झाली आहे, एकीने बेतास बात सलग तीनदा वापरला आहे. बाकी परीक्षकाची तक्रार काय आहे ती मराठीतून कळते.

'पादचारी गद्य'वाल्याने या वेळी लिहिलं: 'पाय ओढत चाललेलं गद्य'. चालण्याला धक्का नाही, थकव्याला शब्द मिळाला. पेडेस्ट्रिअनच्या कोऱ्या जागेत ते त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं.

'सामान्य'चं कार्डही ठरलं: जनरल. येताना बसमधून जिल्हा सामान्य रुग्णालयाची पाटी दिसली. तिथे सामान्य म्हणजे बेताचं नव्हे, सर्वांसाठी असलेलं. कोणालाही दार बंद नाही. 'समान'पासून आलेला शब्द आपल्या मूळ अर्थाने अजून त्या पाटीवर उभा आहे. सरंजामी फ्रान्समधली ती गिरणीही सर्वांचीच होती, पण सक्तीने. म्हणून हे कार्ड बनालच्या शेजारी लावलं.

अडतीस झाली. उरली हमड्रम आणि स्टोजी. स्टोजी हा पोटाला जड पडणाऱ्या जेवणाचा शब्द, तेव्हा ते कार्ड घेऊन उद्या आत्याकडे.